माळ्याची खोली केली तर घराची किंमत वाढते का? (शिवाजी पेठ, जुनं कौलारू घर)

शिवाजीपेठकरीण | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. दगड-मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि परडं. सोपा आणि माजघर यांच्यावर सलग लाकडी माळा. मी लहान असताना तिथं शेणी, जोंधळ्याची पोती, गुळाचे रवे आणि गौरी-गणपतीचं सामान असायचं. आता नुसती अडगळ आहे. वर जायला शिडी.

वडील तीन वर्षांपूर्वी गेले. दादा पुण्यात स्थायिक झालाय, परत येणार नाही हे त्यानंच सांगितलं. घर मी आणि आईनं ठेवायचं आणि दादाचा हिस्सा त्याला पैशात द्यायचा असं ठरलंय. भांडण अजिबात नाही, आणि होऊ द्यायचंही नाही.

मुलगी यंदा दहावीत. तिला अभ्यासाला जागा नाही, म्हणून माळ्याची नीट खोली करावी असं मनात आहे. एका ठेकेदाराला दाखवलं. तो म्हणाला, "साडेचार लाखात करून देतो ताई, घराची किंमत दहा लाखानं वाढंल." ऐकून बरं वाटलं, पण रात्री झोप लागेना. खरंच वाढते का? आणि वाढत असेल तर आधी खोली करून मग घराची किंमत काढली, तर दादाला द्यायची रक्कम माझ्याच खर्चानं फुगणार. उलट आधी किंमत काढली आणि मग खोली केली, तर दादाला वाटायला नको की बहिणीनं डाव साधला. जाणत्यांनी सांगा.

सौदा_मध्यस्थ | रविवार, रात्री १०.१५

ताई, वीस वर्षं पेठांतलेच व्यवहार करतोय, त्यातून सांगतो. पेठेतलं जुनं घर बघायला येणारा माणूस तीन गोष्टी विचारतो. जागा किती चौरस फूट, समोरचा रस्ता किती रुंद, आणि प्रॉपर्टी कार्डावर नावं किती. घरावर कौलं आहेत का पत्रा, हे तो नंतर बघतो. कारण दहातले बरेच जण ते घर पाडून नवीन बांधायलाच घेत असतात. त्याच्या हिशेबात तुमच्या माळ्याची किंमत शून्य. सागवानाच्या तुळया निघाल्या तर लाकडाचे पैसे येतील, तेवढेच.

दुसरा गिऱ्हाईक म्हणजे राहायला घेणारा. तो कमी असतो, पण असतो. माळ्याला शिडी असेल तर तो खालूनच मान वर करून बघतो आणि "अडगळीची जागा" म्हणतो. पक्का जिना असेल तर वर चढतो, आणि एकदा चढला की मनात तिथं पलंग मांडतो. अशा गिऱ्हाइकाकडनं थोडे जास्त मिळतात. खर्च केलेले सगळे परत येतात असं मात्र मी बघितलेलं नाही. घर लवकर जातं, हा खरा फायदा.

दहा लाखाचा आकडा ठेकेदारानं कुठनं आणला ते त्यालाच विचारा.

ओळंबा | सोमवार, सकाळी ७.०५

मी स्थापत्य अभियंता आहे. किंमतीवर बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळा घोळ तिथं होतो.

नियमावलीत 'माळा' आणि 'राहण्याची खोली' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, तिची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर. म्हणून तो चटईक्षेत्रात, म्हणजे बांधकामाचं जे क्षेत्र हिशेबात धरतात त्यात, मोजत नाहीत. राहण्याच्या खोलीला फरशीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर उंची हवी. उतरतं छप्पर असेल तर सरासरी उंची तेवढी हवी. खोली म्हटली की ती चटईक्षेत्रात धरली जाते आणि मंजूर नकाशात दाखवावी लागते. डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखी काही ठिकाणं सोडली तर राज्यभर एकच एकत्रित नियमावली आहे आणि कोल्हापूर महापालिकेलाही तीच लागू आहे.

फुटलेली कौलं बदलणं, गिलावा, फरशी याला परवानगी लागत नाही. छप्पर उचललं, भिंत वाढवली, तर लागते.

ताई, मोजमाप टाका. घराची रुंदी, माळ्याच्या फळीपासून आढ्यापर्यंतची उंची, आणि कडेला भिंतीपाशी किती उरते ती. अंदाजानं नको, टेपनं.

शिवाजीपेठकरीण | सोमवार, दुपारी १.३०

मोजलं. मुलीनं टेपचं एक टोक धरलं. रुंदी १६ फूट, माळ्याची लांबी १८ फूट. मधोमध आढ्याखाली ९ फूट, कडेला भिंतीपाशी ३ फूट.

ओळंबा | सोमवार, दुपारी २.२०

आता बघा. कागदावर माळा १६ गुणिले १८, म्हणजे २८८ चौरस फूट. ठेकेदार हाच आकडा धरून भाव सांगतो. पण छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं. भिंतीपासून ४ फूट आत आलं की उंची ६ फूट होते. दोन्हीकडचे चार-चार फूट गेले, मध्ये ८ फुटांचा पट्टा उरला. म्हणजे माणूस ताठ उभा राहील अशी जागा १४४ चौरस फूट. बरोबर निम्मी. बाकीच्या निम्म्या जागेत बसता येईल, गादी घालता येईल, कपाट नाही लागणार.

सरासरी उंची काढली तर ६ फूट, म्हणजे १.८३ मीटर. हवी २.७५. तेव्हा आहे त्या छपराखाली कितीही सुंदर सजावट केली तरी कागदावर ती खोली होणार नाही. खोली करायची तर दोन्ही भिंती तीन-तीन फूट उचलून छप्पर वर घ्यावं लागेल. तेव्हा सरासरी ९ फूट येते, आणि ९ फुटांचे २.७४ मीटरच होतात, म्हणून नकाशात थोडी जास्त धरा.

पण मातीत बांधलेल्या दगडी भिंतीवर तीन फूट विटांचं बांधकाम चढवायचं हे मी तरी कुणाला सांगणार नाही. त्या भिंती वरून येणारा सरळ भार पेलतात, आडवा धक्का त्यांना सोसत नाही. करायचंच झालं तर आतून स्वतंत्र खांब आणि तुळया घ्याव्या लागतात. ते काम साडेचार लाखात होत नाही.

आणि भार. घरातल्या खोलीचा मजला दर चौरस मीटरला २०० किलो चालता-फिरता भार धरून बांधायचा असतो. तुमच्या आजोबांनी माळा बांधला तो शेणी आणि पोत्यांसाठी. तो आज किती पेलतो हे कुणीतरी वर जाऊन, लाकूड बघून सांगायला हवं.

सागरमाळ | सोमवार, सायंकाळी ६.१०

किंमत म्हणजे फक्त विक्रीचीच का? आम्ही माळ्याची खोली करून शिवाजी विद्यापीठात शिकणारे दोन विद्यार्थी ठेवतो. दर महिन्याला भाडं हातात येतं. चार-पाच वर्षांत खर्च वसूल. घर विकायचंच नसेल तर गिऱ्हाईक काय म्हणतंय याला काय अर्थ?

ओळंबा | सोमवार, सायंकाळी ६.४५

सागरमाळ, तुमची खोली बघितलेली नाही, म्हणून ती चुकीची म्हणत नाही. विचारतो तेवढं सांगा. वर जायचा जिना कुठनं आहे? खाली स्वयंपाकघरात आग लागली तर वरची मुलं कुठनं उतरणार? लाकडी माळा, वर कौलाखाली लाकडी रिपा, आणि उतरायचा एकच रस्ता तोही घराच्या मधून, हे चित्र मला झोपू देत नाही. भाड्यानं द्यायचं तर निदान बाहेरून लोखंडी जिना आणि मोठी उघडणारी खिडकी हवीच.

सागरमाळ | सोमवार, रात्री ८.३०

जिना आतनंच आहे. मुद्दा पटला. परड्याच्या बाजूनं जिना घेता येतोय का ते याच महिन्यात बघतो.

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ११.००

बँकेत कर्ज विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. ताईंना किंमतीची दुसरी बाजू सांगतो. विकत घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढतो. त्याचं कर्ज ठरतं बँकेच्या मूल्यांककाच्या अहवालावर. तो मूल्यांकक हातात मंजूर नकाशा घेऊन येतो. नकाशात आहे तेवढं धरतो, नाही त्याचा भाव बहुधा शून्य लावतो, कधी तर अहवालात 'विनापरवाना बांधकाम' असा शेरा मारतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किंमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. ही टक्केवारी बँकेनं मान्य केलेल्या किंमतीवर. तुम्ही माळ्याचे म्हणून पाच लाख जास्त मागितले आणि बँकेनं ते धरलेच नाहीत, तर ते पाचही लाख घेणाऱ्यानं खिशातून घालायचे. म्हणून तो भाव पाडतो.

दुसरं, आपल्याकडं एक समज फार पक्का आहे. "वरच्या खोलीचा घरफाळा भरतोय, म्हणजे ती कायदेशीर झाली." नाही. घरफाळा हा कर आहे, परवानगी नव्हे. उलट अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद कायद्यात आहे. घरफाळ्याची पावती दाखवून कर्ज मागायला आलेली कितीतरी भली माणसं मी रिकाम्या हातानं परत पाठवली आहेत. त्याचं वाईट अजून वाटतं.

लेस्टरहून | मंगळवार, दुपारी ४.२०

मूळचा मंगळवार पेठेतला, अठरा वर्षं इंग्लंडात. इकडं माळ्याची खोली करणं हा मोठा धंदा आहे आणि त्यानं घराची किंमत खरंच वाढते. कारण इकडं जुनं घर पाडून बांधायचं म्हणून सहसा कुणी घेत नाही. घर विकलं जातं ते किती झोपायच्या खोल्या आहेत त्यावर. दोनाच्या तीन झाल्या की घर वेगळ्याच रांगेत जातं. सौदा_मध्यस्थ म्हणतात तसं आपल्या पेठेत किंमत जागेची, इथं खोल्यांची. ठेकेदारानं दहा लाखाचा हिशेब असलं काहीतरी ऐकून केला असेल.

पण इथंही कागद लागतोच. ओळीतल्या घराला छपरात ४० घनमीटर आणि सुट्या किंवा जोडघराला ५० घनमीटर वाढ काही अटींवर स्वतंत्र नियोजन परवानगीशिवाय करता येते. तरी बांधकामाचे नियम सुटत नाहीत. जिन्यावर डोकं न आपटेल इतकी उंची, धुराची घंटा, आग अडवणारी दारं, छपराचं उष्णतारोधन, सगळं तपासून दाखला मिळतो. दाखला नसेल तर विकताना तिला बेडरूम म्हणता येत नाही, नुसतं 'लॉफ्ट रूम' लिहावं लागतं आणि घेणाऱ्याचा वकील तिथंच अडवतो.

एक गोष्ट आपल्या पेठांना फार लागू पडेल. इथं १९९६ चा सामाईक भिंतीचा कायदा आहे. शेजाऱ्याच्या आणि आपल्या मधल्या भिंतीत तुळई घालायची तर आधी त्याला लेखी नोटीस द्यायची. आमच्या गल्लीत दोन घरांच्या मधे एकच भिंत असायची, दोघांच्याही तुळया तिच्यातच. ताई, तुमची तशी आहे का? असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला.

शिवाजीपेठकरीण | मंगळवार, सायंकाळी ५.०५

आहे. एका बाजूची भिंत सामाईकच आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं. काकूंशी आजच बोलते.

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९.५०

शिवाजी पेठ उंचावर आहे, ताईंना हे लागू नाही. पण धागा वाचणारे आमच्याकडचेही असतील म्हणून लिहितो.

आमचं घर सुतारवाड्याजवळ. नदी चढली की पहिलं पाणी आमच्याकडं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर. दोन्ही वेळा आम्ही माणसं आधी बाहेर पडलो, पण धान्य, गाद्या, पोरांची पुस्तकं, कागदपत्रं, देव, सगळं माळ्यावर. तेवढंच वाचलं. खालचं फ्रिज, कपाट, टीव्ही चिखलात गेलं.

आमच्याकडं घर बघायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, "पाणी कुठपर्यंत आलतं?" भिंतीवरची ओल दाखवावी लागते, लपवून उपयोग नाही. त्या खुणेच्या वर पक्का माळा असेल तर आमच्या गल्लीत त्याला भाव आहे, हे मी शेजारच्या दोन व्यवहारांत बघितलं. पण माळ्याची खोली करायला गेलात तर अडचण अशी की निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकडच्या रेषेच्या, आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही. निळी आणि तिच्या बाहेरची लाल रेषा यांच्या मधेही अटी आहेत. म्हणून आम्ही माळा माळाच ठेवला. फळ्या बदलल्या, शिडीच्या जागी जिना केला, विजेचा बोर्ड वर घेतला.

सौदा_मध्यस्थ | मंगळवार, रात्री १०.१०

खरं आहे. पूरपट्ट्यात जिन्याचा माळा मी स्वतः जाहिरातीत लिहितो.

दस्तावाला | बुधवार, सकाळी १०.३०

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळलं नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

क्रम असा ठेवा. आधी आहे त्या स्थितीत घराचं मूल्यांकन, नोंदणीकृत मूल्यांककाकडून, तारीख घालून. माळ्याचे आजचे फोटो जोडा, अडगळीसकट. तुम्ही, आई आणि दादा, तिघांनी सह्या करा. मग वाटणीचा दस्त. मग काम. असं केलं की तुमच्या खर्चाचा बोजा दादाच्या हिशेबात येत नाही.

दादावर अन्याय होऊ द्यायचा नाही म्हणता, तर हेही बघा. मूल्यांककाला फक्त घर बघायला लावू नका. जुन्या बांधकामावर वयाप्रमाणे घसारा धरतात, ऐंशी-नव्वद वर्षांच्या मातीच्या घराची बांधकाम म्हणून किंमत फार उरत नाही. खरी किंमत खालच्या जागेत आहे. ती आजच्या बाजारभावानं, त्या जागेवर नियमाप्रमाणे किती बांधता येईल हे धरून काढा. "जुनं घर आहे, माळा आहे, कौलं गळतात" म्हणून रक्कम कमी धरली तर तिथं दादाचं नुकसान होईल, माळ्यानं नाही. तुमच्या मनात तसं नाही हे दिसतंय, पण मूल्यांकनात नकळत होतं.

आणि कामाच्या पावत्या जपा. सिमेंट, लाकूड, मजुरी, सगळं शक्यतो बँकेतून. उद्या घर विकलंत तर भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च वजा मिळतो. वडिलोपार्जित जुन्या मिळकतीला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, आणि त्यानंतरच्या सुधारणा वर मिळवता येतात. पावती नसेल तर तोंडी सांगून काही होत नाही.

शिवाजीपेठकरीण | बुधवार, दुपारी ३.१५

हे वाचून दादाला फोन केला आणि धाग्यातला हा भाग वाचून दाखवला. तो म्हणाला, "जागेचा भाव काढ, माळ्याचं काय ते तू बघ." मग म्हणाला, तिथं एका कोपऱ्यात माझा पतंगाचा मांजा असेल बघ. बराच वेळ बोललो.

छप्पर उचलायचं रद्द. ओळंबा, खोली न करता माळा म्हणूनच नीट केला तर मुलगी दिवसा बसून अभ्यास करू शकेल का?

ओळंबा | बुधवार, सायंकाळी ७.००

माळा मजबूत निघाला तर बसता येईल, मधल्या आठ फुटांच्या पट्ट्यात. शिडी काढून पक्का जिना करा. तो खालच्या सोप्यातली तीस-पस्तीस चौरस फूट जागा खाईल हे आधी खडूनं आखून बघा, नाहीतर आईंची बसायची जागाच जाईल. उजेडाला दोन-तीन काचेची कौलं टाका. वारा यायला दोन्ही त्रिकोणी भिंतींना झरोके. कौलाखाली फळ्यांचं अस्तर मारलंत तर मधे हवा खेळायला फट सोडा, म्हणजे एप्रिल-मे थोडा सुसह्य होईल. तरी दुपारी तापणारच, त्या वेळी मुलीनं खालीच बसावं. वर न्हाणीघर किंवा नळ नेऊ नका. लाकडावर पाणी ठिबकलं की दहा वर्षांत तुळई जाते.

ठेकेदाराच्या रकमेच्या खूप खाली होईल हे सगळं. किंमत वाढो न वाढो, घर वापरात येईल.

रंधा | बुधवार, रात्री ८.४०

ताई, आमचं घराणं सुतारकीचं. लाकूड बघितल्याबिगर कुणी काय सांगत असंल तर ऐकू नका. तुळई मधनं चांगलीच दिसती. खराब हुती ती टोकाला, भिंतीत घुसल्यालं असतं तितं. भिंतीला ओल, आत वारा न्हाई, वाळवीला तीच जागा गावती. पावसाळ्यात कौलाचं पाणी भिंतीवरनं उतरत असंल तर नक्कीच. एक दाभण न्हाईतर जुना चाकू घ्या, परत्येक तुळईच्या टोकाला, भिंतीला चिकटून दाबून बघा. चांगलं सागवान असंल तर टोक रुततच न्हाई. आणि बोटानं ठोकून आवाज ऐका. भरीव का पोकळ ते कळतंय लगीच.

शिवाजीपेठकरीण | गुरुवार, सकाळी ८.२०

काल रात्रीच बघितलं. सहा तुळया आहेत. चार पक्क्या, चाकू घसरला. पाचवीला थोडं नख उमटलं. सहावी, शेजारच्या सामाईक भिंतीकडची, तिच्या टोकाला चाकू दोन इंच आत गेला आणि बाहेर काढताना मातीसारखा भुगा आला. तिच्या बरोबर खाली आईचा पलंग आहे.

मांजाची फिरकी सापडली. दादाला फोटो पाठवला.

रंधा | गुरुवार, सकाळी ८.३५

पलंग आत्ताच हलवा. माळ्यावर त्या बाजूला काय ओझं हाय ते उतरवा, पण वर एकट्यानं चढू नका आणि त्या तुळईवर पाय देऊ नका. भिंतीपासनं हातभर अलीकडं तुळईखाली टेकू लावा, खाली जाड फळी घालून, निव्वळ फरशीवर नको. जिना, काचेची कौलं, ते सगळं मागनं.